उनाडचा डावा पाय

३ फेब्रुवारी

ताई,

चित्र घरी पोचलं. पाय होता तसाच आहे.

तू फोन उचलत नाहीस, निरोप पाठवला तर उघडत नाहीस, म्हणून पत्र. पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू ते फाडायला घेशील हे गृहीत धरलंय. निदान पहिली ओळ तरी डोळ्यांखालून जावी म्हणून ती सगळ्यांत वर घातली.

टेम्पोवाल्यानं विचारलं, "बाई, चित्र नेताय की परत आणताय?" म्हटलं, परत आणतेय. "आवडलं नाही वाटतं त्यांना." म्हटलं, आवडलं हो, पायात अडकलं. त्याला वाटलं कुणीतरी फ्रेमला ठेचकाळलं. मग पूर्ण रस्ता त्यानं गाडी बाळंतिणीला घेऊन जावं तशी हळू नेली.

तुझ्या जेवणाच्या टेबलावर जे झालं त्याबद्दल मला वाईट वाटत नाही, हे आधीच सांगते. भाऊजींनीच फोन करून बोलावलं होतं मला. "हॉलमध्ये लावायला उनाडचं मोठं चित्र कर. तुझी ती फुलंबिलं घालून. तो बाहेरदेशीचा गिऱ्हाईक एप्रिलमध्ये घोडा बघायला येतोय, आत शिरताच समोर दिसलं पाहिजे." मी हो म्हटलं. तीन आठवडे रोज सकाळी पागेत स्टूल टाकून बसले. सगळ्या पाहुण्यांसमोर त्यांनी चादर काढली आणि आधी खरंच खूश झाले. "झकास! काय मान काढलीस!" मग जवळ गेले. मग म्हणाले, "फक्त तो पुढचा डावा पाय तेवढा सरळ करून दे."

"तो सरळ ठेवत नाही."

"अगं, लंगडा वाटतोय."

"मलाही तसंच वाटलं. डॉक्टरांना दाखवा ना एकदा."

त्यावर ते पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "आमच्या मेहुणीनं आता घोड्यांची डॉक्टरकीही सुरू केलीय." सगळे हसले. तूही हसलीस, तोंडावर हात ठेवून. ते मला लागलं. इथेच लिहून टाकते, म्हणजे पुढे उकरून काढणार नाही.

नंतर दारापर्यंत माझ्यामागे आलीस आणि कुजबुजलीस, "एवढं काय अडलंय? त्या पायापुढे दोन डेलिया वाढव. फुलं तुझीच, घोडा तुझाच. कुणाला कळणार आहे?"

ताई, आपण दोघी त्याच पागेमागच्या दोन खोल्यांत वाढलो. बाबा घोड्यांना नाल ठोकायचे, आई रोपवाटिकेत फुलं खुडायची, आणि संध्याकाळी आपल्या घरात जळक्या खुराचा आणि शेवंतीचा वास एकत्र भरायचा. तू त्या पागेच्या मालकाच्या मुलाशी लग्न केलंस. मी घोडे आणि फुलं काढत बसले. आपापल्या परीनं दोघींनीही ते सोडलं नाही. म्हणून तुला तरी समजायला हवं होतं. उनाड उभा राहतो तेव्हा डावा पाय पुढे टाकतो, जमिनीला नुसता टेकवतो, भार उजव्यावर घेतो. थोड्या वेळानं बदलून बघतो आणि लगेच परत तसाच उभा राहतो. मी कागदांमागून कागद भरले. मला वाटलं, माझाच हात सवयीनं तसा जातोय. म्हणून एक दिवस डोळे मिटून बसले आणि अचानक उघडले. तसाच.

इतकी वर्षं माझे घोडे गुडघाभर फुलांत उभे असायचे. एका वर्तमानपत्रात छापूनही आलं होतं की या बाईंना खूर काढता येत नसावेत, म्हणून त्या बाग लावतात. ते कात्रण मी शेगडीवर चिकटवलंय. तेल उडून आता निम्मं वाचता येत नाही. या वेळी मी फुलं वर नेली. पाठीवर, मानेवर, आयाळीत. पाय मोकळे ठेवले, पागेच्या ओल्या फरशीवर. आणि आता तू म्हणतेस फुलं खाली आण.

नाही आणणार. माझी फुलं म्हणजे पडदा नव्हे.

तुझी,
धाकटी


१४ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर आलं याचाच आनंद झाला. मजकुराचा नाही.

तू लिहितेस, "तुला दिसतं ते सगळं जगाला दाखवायलाच हवं का?" अगं, मी दुसरं काय करते? वाण्याला कुणी विचारतं का, आलेला माल विकायलाच हवा का म्हणून?

तू लिहितेस, भाऊजींनी आपल्या घरासाठी किती केलं. केलं. बाबांच्या आजारपणात त्यांनी जे केलं ते मी विसरलेले नाही, आणि ते मागतील ते मी देईन. त्यांचं चित्र काढून देईन, फुकट देईन, हवं तर दोन्ही मिशा सारख्या काढून देईन. पण घोड्याचा पाय माझा नाही. तो मी कसा देऊ?

आणि तू लिहितेस, बुटकीचं स्पर्धांचं वर्ष वाया घालवू नकोस. हे मात्र वाचून मी उठून खोलीत फेऱ्या मारल्या. उनाडवर बसून उड्या कोण मारतं, ताई? भाऊजी नाही मारत. तू तर बघतही नाहीस. प्रत्येक स्पर्धेला मैदानाबाहेर गाडीत बसून डोळे घट्ट मिटून घेतेस, आणि कुणी काचेवर टकटक केलं की उघडतेस. उडी मारून खाली येताना त्या घोड्याचा सगळा भार आधी पुढच्या पायांवर येतो, आणि त्याच्यावर तुझी मुलगी असते. मी कुणाचं वर्ष वाचवायला बघतेय ते एकदा शांतपणे मोज.

चित्र आता माझ्याकडे नाही. फ्रेमवाल्या काकांच्या दुकानाच्या काचेत लावलंय. ते ओठांत खिळे धरून बोलतात, त्यामुळे त्यांचं म्हणणं मला अर्धंच कळतं. चित्र बघून म्हणाले, "पाय गुखतोय याचा." मी म्हटलं, लावाल का दर्शनी? त्यांनी खिळे काढले आणि स्पष्ट म्हणाले, "लावीन. पण काच पुसायला तुम्ही यायचं."

दुकान पागेच्या रस्त्यावर आहे आणि भाऊजींची गाडी दिवसातून दोनदा तिथून जाते, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. हो, मुद्दामच.

माझ्या प्रदर्शनाचं विचारलंस. ठीक चाललंय.

धाकटी


५ मार्च

ताई,

तपासणीचा कागद मिळाला. वर तुझ्या हातचे तीन शब्द: "आता तरी बदल."

म्हणजे भाऊजींनी शेवटी पाय तपासला. चांगलं झालं. पागेच्या डॉक्टरांनी यंत्र लावून गुडघ्याखालची नळी बघितली आणि सगळं ठणठणीत आहे असं लिहून दिलं. तोच कागद मोठा करून पागेच्या फाटकावर चिकटवलाय, हेही मला कळलं. फ्रेमवाल्या काकांना एक गिऱ्हाईक म्हणालं, "ती चित्रवाली बाई तोंडावर पडली की!" काका म्हणाले, "पडली असेल, पण काच पुसायला वेळेवर येते."

तर आता तुला वाटत असेल, मी ब्रश घेऊन निघाले असेन.

नाही गं. पाय बरा असेल तर मी पेढे वाटेन, मला दुसरं काय हवंय? पण मी अहवाल लिहिला नव्हता. मी तो कसा उभा राहतो ते काढलं होतं. कागद आल्यावर मी मुद्दाम पागेवर गेले. फाटकावर मला अडवलं. मालकांचा हुकूम आहे म्हणे. ज्या फाटकावर आपण दोघी झोके घ्यायचो तिथे मी बाहेर उभी. पण कुंपणाला एक फट आहे, ती भाऊजींच्या हुकमाच्याही आधीपासूनची. उनाड मैदानात उभा होता. डावा पाय पुढे.

आता सांग, कागद बघून मी त्या घोड्याला काय सांगू? बाबा रे, तू ठणठणीत आहेस, नीट उभा राहा?

गॅलरीवाल्या बाईंचा फोन होता. प्रदर्शन थोडं पुढे गेलंय, जागेची काही अडचण आहे म्हणाल्या. तेवढाच मला जास्त वेळ.

धाकटी


२१ मार्च

ताई,

बुटकी आली होती. तुला ठाऊक असेल किंवा नसेल. आपली बुटकी, जिला खुर्चीवर उभं करून घोड्याचं तोंड दाखवायचो, ती आता माझ्या दारातून वाकून आत येते.

आधी दुकानाच्या काचेसमोर बराच वेळ उभी होती, असं काका म्हणाले. मग जिना चढून वर आली. भांडायलाच आली होती. "मावशी, सगळे मला विचारतात. स्पर्धा तोंडावर आली आणि माझ्या घोड्याला तू गावभर लंगडा केलंस." मी म्हटलं, बस. ती बसली नाही. भिंतीला टेकवलेले माझे कच्चे कागद एकेक करून बघत राहिली.

त्यानंतर आम्ही बोललो. काय बोललो ते मी लिहिणार नाही. ते तिचं आहे. सांगायचं की नाही, कधी, कुणाला, ते तिनं ठरवायचं. मी तिला काहीही कर म्हटलेलं नाही. एवढं मात्र माझ्यावर विश्वास ठेव. जाताना तिनं उनाडसाठी माझ्या बरणीतलं मूठभर गाजर पळवलं.

मागच्या पत्रात प्रदर्शनाच्या जागेची अडचण लिहिली होती. अडचण जागेची नव्हती. प्रदर्शन रद्द झालंय. त्या गॅलरीच्या मंडळावर भाऊजींचे मित्र बसतात. बाईंचा आवाज फोनवर इतका बारीक झाला होता की मीच त्यांना म्हटलं, असू द्या हो, तुम्ही तरी काय करणार. दोन वर्षांची चित्रं आता माझ्या पलंगाखाली, कपाटामागे, मोरीच्या दाराशी आहेत. आंघोळीला जाताना रोज एका पांढऱ्या घोडीला बाजूला व्हायला सांगावं लागतं.

हे तुला कळवायचं नव्हतं. पण तुला दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर तू समजली असतीस की मी नरमले. नरमले नाही. चित्र काचेतच आहे.

धाकटी


८ एप्रिल

ताई,

तू काल नेहमीप्रमाणे गाडीत डोळे मिटून बसली होतीस. घरी आल्यावर तुला जे सांगितलं गेलं असेल ते भाऊजींच्या तोंडून. म्हणून मी जे पाहिलं ते लिहिते. शेवटपर्यंत वाच. तुझी मुलगी आहे.

मी तिकीट काढून सगळ्यांत वरच्या रांगेत बसले होते. खाली पहिल्या रांगेत भाऊजी, त्यांच्या शेजारी तो बाहेरदेशीचा गिऱ्हाईक, डोक्यावर पांढरी टोपी. बुटकीचा नंबर पुकारला. ती आत आली. उनाड काय दिसत होता, ताई! खरारा करून करून त्याची पाठ आरशासारखी केली होती. लोकांनी नुसत्या दिसण्याला टाळ्या वाजवल्या. तिनं पंचांसमोर थांबून मान लववली. घंटा वाजली.

तिनं त्याला दुडक्या चालीवर घेतलंच नाही. सावकाश, पाऊल पाऊल, पहिल्या अडथळ्यापर्यंत नेलं. लोकांना वाटलं, दाखवतेय त्याला. अडथळ्यासमोर ती थांबली. मग रिकिबीतून पाय काढले आणि खाली उतरली.

लाउडस्पीकरवाला म्हणाला, "स्पर्धकाला काही अडचण आली आहे का?" तिनं मान हलवली, नाही. खोगिराचा तंग सैल केला. लगाम डोक्यावरून पुढे घेतला, त्याच्या मानेवर एकदा थोपटलं आणि त्याला चालवत बाहेर निघाली. मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. कुणीतरी "भित्री" म्हणालं. ती घोड्याच्या चालीनं चालत राहिली, ताई. जराही घाई केली नाही. मी आयुष्यभर घोडे काढतेय, पण माणूस आणि घोडा इतके एका मापात चालताना मी पाहिले नव्हते.

मी जिने उतरून मैदानाच्या फाटकाशी पोचले तेव्हा भाऊजी तिथे होते. चेहरा लालबुंद. "परत बस," ते म्हणाले. "अजून वेळ आहे. परत बस."

"नाही बसणार, बाबा."

"काय झालंय त्याला? कागद आहे माझ्याकडे!"

तेव्हा ती म्हणाली, "त्याला काही नाही झालेलं. माझी मांड ढिली आहे."

या वाक्याचा अर्थ तुला कळावा म्हणून आता मार्चमधलं आमचं बोलणं सांगते. तिनं आज सकाळी तशी परवानगी दिली. त्या दिवशी माझे कागद बघून झाल्यावर ती म्हणाली, "मावशी, तू तर कधी त्याच्यावर बसली नाहीस. तुला कसं कळलं?"

"कळलं नाही गं. दिसलं."

"मला खालून कळतं. उडी मारून जमिनीवर येताना तो श्वास धरतो. दर वेळी. डाव्या वळणावर जास्त."

"बाबांना सांगितलंस?"

"दोनदा. म्हणाले, घोडा ठीक आहे, तुझी मांड ढिली आहे. मग मीही ठरवलं की माझीच चूक असेल. पण ते चित्र बघितलं आणि..." मी तिला पाणी दिलं. एवढंच.

आता परत मैदानाच्या फाटकाशी. तो टोपीवाला गिऱ्हाईक जवळ आला, उनाडच्या पायाकडे बघितलं, भाऊजींकडे बघितलं आणि आपल्या गाडीकडे चालू लागला. मग भाऊजी बुटकीला म्हणाले, "आता माझ्या घरात पाऊल टाकू नकोस." मी तिथेच उभी होते. मी म्हटलं, "चल गं. मोरीच्या दाराशी एक घोडी आहे, तिला सरकवलं की जागा होते."

हे सगळं होत असताना तू काचेआड होतीस. तुला मी काचेवर टकटक करणार होते. पण बुटकी म्हणाली, नको, आई घाबरेल.

ती माझ्याकडे आहे. काल संध्याकाळी जेवली आणि खुर्चीतच झोपली. तिला काही झालेलं नाही. एक ओरखडाही नाही. हेच तर मी जानेवारीपासून सांगतेय.

धाकटी


३० एप्रिल

ताई,

तुझा निरोप बुटकीच्या फोनवर आला. तिनं मला वाचून दाखवला. दोन महिन्यांनी तुझे शब्द ऐकले, त्यामुळे आधी मी चहा दुसऱ्याच कपात ओतला.

तू तिकडे पागेत जात नाहीस म्हणून तिकडची बातमी देते. बुटकीनं हट्ट धरून जनावरांच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना उनाडला दाखवलं. दुखणं नळीत नव्हतंच, खुराच्या आत होतं. पहिल्या डॉक्टरांनी तिथे पाहिलंच नव्हतं. आता तो उड्या मारणार नाही, पण चालेल, चरेल, पुष्कळ जगेल. हे मी विजयाचा झेंडा म्हणून लिहीत नाही. डॉक्टरीणबाईंनी उलट सांगितलं असतं तरी माझ्या चित्रातला पाय तसाच राहिला असता. फरक इतकाच की बरोबर ठरल्यामुळे मला आता गाजरांचा खर्च वाढलाय.

बुटकी रोज सकाळी पागेत जाते. उनाडला तासभर हिंडवते. भाऊजी ऑफिसच्या दारात उभे असतात. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. पण परवा तिला उनाडच्या खणात जाडसर नवीन भुसा पसरलेला दिसला. मोतद्दाराला विचारलं तर तो म्हणाला, मालकांनी स्वतः उभं राहून टाकून घेतला. भाऊजींबद्दल इतकं चांगलं मला यंदा पहिल्यांदाच ऐकायला मिळालं, आणि त्यांना हे कुणी सांगू नये असं मला मनापासून वाटतं.

माझी चित्रं फ्रेमवाल्या काकांच्या मागच्या खोलीत लागली आहेत. खोली कसली, भुशाचा डबाच. लोक फ्रेमचं माप द्यायला येतात आणि शिंकत शिंकत चित्रं बघून जातात. एका म्हाताऱ्या बाईंनी उनाडसमोर उभं राहून विचारलं, "फुलं वर का?" मी म्हटलं, "पाय दिसावेत म्हणून." त्या म्हणाल्या, "मग ठीक आहे," आणि आपला आरसा घेऊन गेल्या. इतकं नेमकं माझ्याबद्दल अजून कुणी छापलेलं नाही.

आता तुझ्या निरोपाबद्दल. तू लिहितेस, मंगळवारी ते परगावी जाणार आहेत, तेव्हा दुपारी गुपचूप येऊन मुलीला भेटून जाईन, कुणाला कळायला नको.

तर मंगळवारी येऊ नकोस.

हे लिहिताना माझा हात थांबत नाहीये, पण बुटकी समोर बसून माझ्याकडे बघतेय आणि तिचे डोळे भरलेत. तिला तू हवी आहेस. मलाही हवी आहेस. इतकी की कागद संपत आला तरी मी मुद्द्यावर यायला वेळ लावतेय. पण चोरून नको. तिनं चोरून काही केलं नाही. भरल्या मैदानात खाली उतरली, हसणाऱ्यांच्या समोरून चालत गेली. तिची आई मागच्या रस्त्यानं, चेहऱ्यावर ओढणी घेऊन, घड्याळ बघत तिला भेटायला आली, तर तिनं काय समजायचं? की तिनं केलं ते लपवण्यासारखं होतं?

बुधवारी ये. ते घरी असतात तेव्हा नीघ. सकाळच्या चहाला ते पेपर उघडून बसले की त्यांच्यासमोर केस विंचर, त्यांच्यासमोर चपला घाल. ते विचारतील, कुठे चाललीस. तू उंबऱ्यावर उभी राहा आणि त्यांच्या तोंडाकडे बघून सांग, मुलीकडे.

बस, एवढंच. बाकी रस्ता सोपा आहे.

धाकटी